स्कॅन नॉर्मल येणाऱ्या आजाराचा अभ्यास

फोकल डिस्टोनिया म्हणजे शरीराच्या एकाच भागातले स्नायू आपोआप आवळून तो भाग वाकडा होण्याचा आजार. त्याच्या पेशंटचा एमआरआय रिपोर्ट बहुतेक वेळा एकाच शब्दाचा असतो: नॉर्मल. या विषयात आले तेव्हा मी तिथेच अडखळले. पेन धरलं की बोटं आवळून वाकडी होतात, आणि त्याच बोटांनी शर्टाची बटणं मात्र सहज लागतात. मान एका बाजूला ओढली जाते, पण हनुवटीला नुसतं बोट टेकवलं की कित्येकांची सरळ होते. बाहेर इतकं ठळक दिसणारं मेंदूत कुठेच दिसू नये?

दिसतं, पण एका माणसाच्या स्कॅनमध्ये नुसत्या डोळ्यांनी नाही. पेशंटचा एक गट आणि निरोगी माणसांचा एक गट घ्यायचा, प्रत्येकाचा मेंदू एका समान साच्यात बसवायचा, आणि जवळपास मिलिमीटरभराच्या प्रत्येक ठोकळ्यात, म्हणजे व्हॉक्सेलमध्ये, ग्रे मॅटर, म्हणजे चेतापेशींनी भरलेला करडा भाग, किती आहे त्याची तुलना करायची. ही पद्धत व्हॉक्सेल बेस्ड मॉर्फोमेट्री. सॉफ्टवेअर आठवडाभरात हाताळता येतं, त्याची धास्ती घेऊ नका.

खरी दमछाक वाचनात होते. हाताच्या डिस्टोनियावरच्या 2004 सालच्या एका अभ्यासात हाताची संवेदना सांभाळणाऱ्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, ग्रे मॅटर जास्त सापडलं. 2007 मध्ये रायटर्स क्रॅम्पच्या, म्हणजे लिहिताना हात आवळणाऱ्या, पेशंटमध्ये संवेदना आणि हालचाल सांभाळणारा सेन्सरीमोटर कॉर्टेक्स, मेंदूत खोलवर असलेला थॅलॅमस आणि मागचा छोटा मेंदू म्हणजे सेरेबेलम, तिन्हींत ते कमी निघालं. कुणाला मेंदूच्या आतला, हालचालीशी संबंधित पुटामेन मोठा दिसतो. आधी मला वाटलं, यातलं कुणीतरी चुकलं असणार. मग लक्षात आलं की हाताच्या वापरानेही हे आकडे हलतात. 2011 मध्ये रायटर्स क्रॅम्पच्या पेशंटचा हात चार आठवडे बांधून ठेवला, तेव्हा त्या हाताच्या मोटर कॉर्टेक्समधलं ग्रे मॅटर घटलं. हात पुन्हा वापरात आल्यावर ते वाढलं. म्हणजे तुम्हाला सापडलेला फरक आजाराचं मूळ असेल, वर्षानुवर्षं वाकड्या चालणाऱ्या हाताचा परिणाम असेल, किंवा मेंदूने केलेली भरपाई असेल. एकाच वेळी काढलेल्या स्कॅनवरून यातलं नेमकं कोणतं, ते ठरत नाही. म्हणून जनुकीय डिस्टोनियाच्या कुटुंबांतले, जनुक असूनही लक्षणं नसलेले लोक मला फार मोलाचे वाटतात. त्यांच्यात बदल दिसला तर तो वाकड्या हालचालींच्या माथी मारता येत नाही.

माझा पहिला निकाल मात्र यापेक्षा साध्या कारणाने कोसळला. मानेच्या डिस्टोनियाच्या पेशंटचा कॉर्टेक्स पातळ झालेला दिसत होता, आणि मी निबंध लिहायला घेतला होता. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "मूळ चित्रं उघडून पाहिलीस का?" पाहिली, तर कित्येक स्कॅनवर पाण्यातल्या तरंगांसारख्या रेघा. डोकं थरथरत होतं. 2015 मध्ये निरोगी माणसांना स्कॅनरमध्ये मुद्दाम डोकं हलवायला सांगून दाखवून दिलं गेलं होतं की नुसत्या हालचालीनेही ग्रे मॅटर कमी मोजलं जातं. ते स्कॅन बाजूला काढले आणि माझा बहुतेक फरक विरून गेला. तेव्हापासून आकड्यांना हात लावण्याआधी मी एकेक चित्र स्वतः बघते.

नोंदवहीत आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमच्या शेवटच्या इंजेक्शनची तारीख हवीच. त्याचा असर साधारण तीन महिने टिकतो, म्हणून स्कॅन पुढच्या इंजेक्शनच्या जरा आधी घेतलेला बरा. आजार किती वर्षांचा, कोणता हात, दुसऱ्या कामांतही त्रास होतो का, हेही लिहा. वादकांची तुलना वादकांशीच करा. रियाझाने निरोगी मेंदूही बदलतो. आणि लाखो व्हॉक्सेल तपासताना इतक्या तुलनांसाठीची दुरुस्ती न करता 0.05 ची पातळी, म्हणजे प्रत्येक ठिकाणी योगायोगाची पाच टक्के मुभा, धरली, तर हजारो ठिकाणी फरक केवळ योगायोगाने उजळतील. असा रंगीत नकाशा कितीही देखणा असला तरी तो निकाल नव्हे.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. स्कॅन संपला की पेशंट विचारतोच, "दिसलं का काही?" रायटर्स क्रॅम्प हा मनाचा आजार नसून फोकल डिस्टोनिया आहे, ही मांडणी 1982 मध्ये झाली, तरी आजही "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकून आलेले लोक भेटतात. त्यांना चित्रात पुरावा हवा असतो. एका शिक्षिकेला मी आधी काहीच समजावलं नव्हतं. ती तीन आठवडे रिपोर्टसाठी फोन करत राहिली. आता संमतिपत्रावर सही घेण्याआधीच मी सांगते, की तुमच्या एकट्याच्या स्कॅनमध्ये बहुधा काही दिसणार नाही, आणि तरीही तुमचा आजार मेंदूचाच आहे.