प्रारूप नियमांवर हरकत कशी नोंदवावी

विधिमंडळात कायदा मंजूर झाला की त्याची बातमी होते. पण दाखल्याचा अर्ज कागदावर चालेल की फक्त पोर्टलवर, अनुदानासाठी अंगठा लावावा लागेल की ओळखपत्र पुरेल, हे कायद्यात सहसा लिहिलेलं नसतं. ते नियमांत येतं आणि नियम संबंधित विभाग करतो. अनेक कायद्यांत मात्र ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून’ असे शब्द असतात. म्हणजे विभागाने आधी मसुदा (प्रारूप) प्रसिद्ध करायचा, हरकती-सूचना मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मगच नियम अंतिम करायचे. केंद्रात ही पद्धत १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) कलम २३ मध्ये आहे. महाराष्ट्रात १९०४ च्या राज्य अधिनियमात तशीच तरतूद आहे. हरकत नोंदवायला वकील लागत नाही, शुल्क नाही. तरीही ही संधी बहुतेक वेळा कुणाला कळायच्या आत निघून जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

१. हातात आलेला कागद कोणता, ते ओळखा

मोबाइलवर फिरणाऱ्या प्रत्येक सरकारी कागदाला लोक ‘जीआर’ म्हणतात. शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक असतो आणि ‘डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे’ असं वाक्य असतं. तो निघालेला आदेश असतो. परिपत्रक म्हणजे कार्यालयांना दिलेल्या सूचना. आपल्याला हवी असते ती प्रारूप नियमांची अधिसूचना. तिची भाषा ठरलेली असते: नियमांचा मसुदा ‘बाधा पोहोचण्याचा संभव असलेल्या सर्व व्यक्तींच्या माहितीसाठी’ प्रसिद्ध करण्यात येत आहे, आणि अमुक दिनांकास किंवा त्यानंतर शासन तो विचारात घेईल. हे वाक्य दिसलं आणि ती तारीख उलटलेली नसली, की दार अजून उघडं आहे असं समजा.

२. मसुदा राजपत्रातूनच घ्या

राज्याच्या अधिनियमांखालचे नियम महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग चार-ब मध्ये येतात, केंद्रीय अधिनियमांखाली राज्याने केलेले भाग चार-अ मध्ये. बरेचदा ते ‘असाधारण’ अंकात असतात, म्हणून तेही पाहा. अंक संकेतस्थळावर मिळतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ नुसार इलेक्ट्रॉनिक राजपत्रातली प्रसिद्धीही कायदेशीर प्रसिद्धीच आहे.

पहिल्या पानावरच्या तीन गोष्टी लिहून ठेवा: नियम कोणत्या कलमाखाली केले जात आहेत, हरकत कुणाच्या नावे पाठवायची, आणि तारीख. तारखेबाबत चूक नको. हरकत त्या तारखेपूर्वी विभागाला मिळायला हवी, नुसती टपालात पडून भागत नाही.

मुदत अपुरी वाटली किंवा मसुदा तुमच्या भाषेत नसला, तर लगेच लेखी मागणी करा. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या प्रारूप अधिसूचनेबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं होतं.

३. मूळ कायदा शेजारी ठेवून वाचा

नियम कायद्याच्या पुढे जाऊ शकत नाही. कायद्याने विभागाला अर्जाचा नमुना ठरवण्याचा अधिकार दिला असेल आणि नियमात अर्जासोबत चेहऱ्याचा फोटो जुळवण्याची सक्ती आली असेल, तर ‘हा अधिकार कोणत्या कलमातून आला?’ हा प्रश्न हरकतीत सगळ्यात वर ठेवा.

४. तंत्रज्ञान आलं की प्रत्येक शब्दाशी थांबा

माझ्या मते खरं काम इथे आहे. ‘अर्ज केवळ ऑनलाइन पद्धतीने स्वीकारण्यात येतील’ या ओळीतला ‘केवळ’ हा एक शब्द पाहा. स्मार्टफोन नसलेली बाई, गावात नेटवर्क नसलेला माणूस, शेवटच्या दिवशी बंद पडलेला सर्व्हर, हे सगळे त्या एका शब्दाने बाहेर राहतात. आयुष्यभर माती-सिमेंटचं काम केलेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा ओळखत नाही. नियमात पर्याय लिहिलेला नसेल, तर खिडकीपलीकडचा कर्मचारी, त्याची इच्छा असली तरी, काही करू शकत नाही.

म्हणून शोधा: यंत्र चुकलं तर पर्यायी मार्ग कोणता? अर्ज संगणकाने फेटाळला तर कारण लेखी मिळेल का? तो निर्णय माणूस पुन्हा तपासेल का आणि किती दिवसांत? घेतलेली माहिती कुठे राहील, किती काळ, कुणाला दिली जाईल? आधार अधिनियम, २०१६ च्या कलम ७ मध्येच, आधार क्रमांक मिळालेला नसल्यास ओळखीचं दुसरं साधन देण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हे दोन आधार जिथे लागू पडतील तिथे जरूर लिहा.

५. हरकत लिहिताना पर्यायी शब्द द्या

‘हा नियम अन्यायकारक आहे, रद्द करावा’ एवढंच लिहिलं तर विभागाच्या हाती काही लागत नाही. नियम क्रमांक, अडचण, कारण आणि सुधारित मजकूर असा क्रम ठेवा. समजा, नियम ५(२) मध्ये वरची ‘केवळ’ वाली ओळ आहे. मग असं लिहा:

“नियम ५(२) मधील ‘केवळ’ हा शब्द वगळावा आणि पुढील मजकूर जोडावा: ‘परंतु, अर्जदारास ऑनलाइन अर्ज करणे शक्य नसल्यास सक्षम प्राधिकारी लेखी अर्ज स्वीकारील व त्याची पोच त्याच दिवशी देईल.’ कारण: आमच्या वाडीत मोबाइल नेटवर्क नाही, जवळचे सेवा केंद्र १४ किलोमीटरवर आहे.”

अंतर, दिवस, खर्च हे तुमच्या स्वतःच्या अनुभवातले, खरे असू द्या. एकाच मजकुराच्या शंभर प्रती पाठवण्यापेक्षा दहा जणांनी आपापली अडचण लिहिलेली बरी.

६. पाठवा आणि पोच घ्या

ईमेल दिला असेल तर ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टही. हातोहात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

७. नियम अंतिम झाल्यावर

अंतिम नियम आणि मसुदा शेजारी ठेवून तुमची ओळ बदलली का ते पाहा. नसेल, तर हरकतींवर विभागाने केलेली टिप्पणी माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. याच कायद्याच्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना सांगणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे.

अजून एक जागा उरते. बहुतेक कायद्यांनुसार नियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवावे लागतात आणि सभागृहं ते बदलू किंवा रद्द करू शकतात. तुमची हरकत, तिची पोच आणि विभागाची टिप्पणी असे तीन कागद एकत्र टाचून आपल्या आमदारांना अधिवेशनापूर्वी भेटून द्या.