बारा हजारांत जंगलाची दुर्बीण: दुकानात अर्धा तास काय तपासायचं

दुर्बिणीबद्दल इंटरनेटवर शोधलं की बरेचसे लेख परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी लिहिलेले निघतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही, तरी तेच सल्ले वाचून दुर्बीण घेतलेली माणसं मला दर हिवाळ्यात भिगवणला पक्षी पाहताना भेटतात. त्या सल्ल्यांतली एक गोष्ट आपल्याही कामाची आहे. जनावर बाहेर पडतं ते पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणून दुर्बिणीची परीक्षा मावळत्या उजेडात व्हायला हवी. दुसरी गोष्ट मात्र आपल्याला चालत नाही. तिकडचा शिकारी उघड्या डोंगरउतारावर बसून दीड-दोन किलोमीटरवरचं हरीण शोधतो, त्यामुळे त्याला दहा-बारा पट मोठं दिसायला हवं असतं. आपण कर्नाळ्याच्या झाडीत पंचवीस फुटांवर फांदी बदलत राहणारा स्वर्गीय नर्तक शोधत असतो. तिथे दहापटीत पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो.

म्हणून आधीच सांगते: ८ बाय ४२ घ्या. तुमचं बहुतेक फिरणं नांदूर मध्यमेश्वरचा काठ किंवा सोलापूरकडची माळरानं असं उघड्यावरचं असेल, तरच १० बाय ४२चा विचार करा. तोही उभं राहून पाहणार असाल तर. होडीत बसून पाहायचं असेल तर पुन्हा आठच, कारण दुर्बीण पक्ष्याला जितकी मोठी करते तितकीच तुमच्या हाताच्या थरथरीलाही करते.

आकड्यांचं गणित

पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या चकतीचा व्यास मिळतो. ८ बाय ४२ची चकती सव्वापाच मिलिमीटरची, १० बाय ४२ची ४.२ आणि खिशात मावणाऱ्या १० बाय २५ची फक्त अडीच. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर एवढीच उघडी असते, त्यामुळे दुपारी दुकानाच्या दारात उभं राहून पाहिलं तर खिशातली दुर्बीणही झकास वाटते. अंधार पडायला लागला की बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते आणि तेव्हा अडीच मिलिमीटरचा उजेड तिला पुरत नाही.

हे मी एका बुद्धपौर्णिमेला मचाणावर शिकले. पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेसाठी रात्रभर बसायचं होतं आणि माझ्याकडे १० बाय २५ होती. पाण्यावर काळा गोळा आला. अस्वल की रानडुक्कर, मला कळेना. शेजारच्या वनरक्षकाकडे जुनी, जड ७ बाय ५० होती, म्हणजे सात मिलिमीटरहून मोठी चकती. त्यांनी एकदाच पाहून हलक्या आवाजात सांगितलं, अस्वल. तेव्हापासून ३२ मिलिमीटरहून लहान भिंगाची दुर्बीण मी कोणालाही सुचवलेली नाही.

काय घ्यायचंच नाही

झूमवाली (१०-३० बाय ५० वगैरे) नको. लाल चकाकत्या भिंगांची नको, ती लाल उजेड परत फेकतात आणि चित्र हिरवट-निळसर होतं. खोक्यावर ‘नाइट व्हिजन’ किंवा ‘८००० मीटर’ लिहिलेली तर हातातही धरू नका. साध्या काचेच्या दुर्बिणीला अंधारात दिसत नाही, आणि मीटरमध्ये मोजावी अशी तिची हद्दही नसते. चंद्र तर उघड्या डोळ्यांनीही दिसतो!

पोरो की सरळ नळीची

पोरो म्हणजे मधे खांदे असलेली जुन्या घडणीची दुर्बीण. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४मध्ये या लोलकरचनेचं पेटंट घेतलं आणि कमी पैशांत ती आजही भारी पडते. सरळ नळीच्या दुर्बिणीतले लोलक अधिक अचूक घडवावे लागतात, शिवाय चित्र रेखीव दिसण्यासाठी त्यांच्यावर फेज कोटिंग, म्हणजे एक खास पातळ थर, लागतो. पोरोला त्या थराची गरजच नसते. सात-आठ हजारांची पोरो बऱ्याचदा तेवढ्याच किमतीच्या सरळ दुर्बिणीपेक्षा स्पष्ट दाखवते.

पण स्वस्त पोरो पाण्याला बंद नसते. तुम्ही जून ते सप्टेंबर सह्याद्रीत किंवा कोकणात फिरणार असाल तर नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफ, सरळ नळीचीच घ्या आणि थोडे पैसे जास्त मोजा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आत बुरशी धरते.

चष्मा लावणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहायचा: आय रिलीफ. डोळा भिंगापासून किती दूर असला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. चष्म्यासाठी १५ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. निकॉनची अक्युलॉन ८ बाय ४२ ही चांगली पोरो आहे, पण तिचा आय रिलीफ बाराच्या आसपास असल्याने चष्म्यातून कडा कापल्या जातात. त्याच कंपनीच्या सरळ नळीच्या प्रोस्टाफ पी३ ८ बाय ४२चा वीसच्या आसपास आहे. मला जाड चष्मा आहे, त्यामुळे हा आकडा मी किमतीच्याही आधी विचारते.

दुकानात: इथे घाई करू नका

पहिल्या दोन गोष्टी मिनिटभराच्या. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. हिरवी-जांभळी प्रतिबिंबं हवीत. पांढरीशुभ्र दिसली तर त्या काचेवर कोटिंग नाही. कोटिंग नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के उजेड परत फेकतो. एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच संपतो. खोक्यावर ‘फुली मल्टी-कोटेड’ असे शब्द शोधा, नुसतं ‘कोटेड’ पुरेसं नाही. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे करा आणि डोळ्याकडच्या भिंगातल्या चकत्या पाहा. चकती पूर्ण गोल आणि कडेपर्यंत उजळ असली की लोलकाची काच चांगली. चौकोनी, कडा करड्या दिसल्या तर काच हलकी. सूर्याच्या दिशेने मात्र दुर्बीण कधीही, क्षणभरही धरू नका. डोळा कायमचा जातो.

आता खरी अडचण.

माझी पहिली दुर्बीण दिसायला देखणी होती. चित्रही बरं दिसायचं. पण वीस मिनिटं पाहिलं की कपाळाच्या मधोमध दुखायला लागायचं आणि उलटीची भावना यायची. मला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला. डोळे तपासून घेतले, नंबर तोच होता. मग वाटलं उन्हाने होत असेल. जवळजवळ दोन वर्षं मी प्रत्येक फेरी अर्ध्यात सोडून झाडाखाली डोळे मिटून बसत होते. नवरंग पक्षी पहिल्यांदा समोर आला त्या सकाळीही तसंच झालं. शेवटी आमच्या गटातल्या एका काकांनी गच्चीवर दुर्बीण हातात घेतली, समोरच्या विजेच्या तारेकडे धरली आणि म्हणाले, “अगं, हिच्या दोन नळ्या दोन दिशांना बघतायत.”

दुर्बीण म्हणजे दोन दुर्बिणी शेजारी बांधलेल्या. दोन्ही तंतोतंत एकाच दिशेला रोखलेल्या असाव्या लागतात, याला कॉलिमेशन म्हणतात. लोलक जरासा हलला तरी हे बिघडतं. वाटेत खोकं आपटलं तरी पुरतं. गंमत नव्हे, धोका असा की बिघाड थोडा असेल तर चित्र दुहेरी दिसत नाही. डोळ्यांचे स्नायू ओढून-ताणून दोन चित्रं एकत्र आणतात आणि तुम्हाला सगळं ठीक वाटतं. डोळे आत वळवायची आपल्याला सवय असते. एक डोळा वर आणि एक खाली करायची नसते, म्हणून उभ्या दिशेतला फरक सगळ्यात जास्त छळतो. दुकानात दोन मिनिटं पाहून हे कधीही कळणार नाही.

तपासण्याआधी दुर्बीण आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते, नाहीतर चांगली दुर्बीणही वाईट ठरते. दाखवायला ठेवलेल्या दुर्बिणीचं डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारं, एकाच नळीवरचं कडं) आधीच्या दहा जणांनी फिरवलेलं असतं, ते शून्यावर आणा. चष्मा असेल तर रबरी कप खाली, नसेल तर वर. बिजागरी दाबत-उघडत दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. पन्नासेक मीटरवरची बारीक अक्षरांची पाटी निवडा. उजव्या नळीच्या पुढच्या भिंगावर तळहात धरा. डोळा मिटू नका, एक मिटला की दुसऱ्यावरही ताण येतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून डाव्याने पाहत मधल्या चाकाने पाटी स्पष्ट करा. आता हात डाव्या नळीवर न्या, मधल्या चाकाला अजिबात हात लावू नका आणि उजव्या डोळ्याकडचं डायॉप्टरचं कडं फिरवा. (काही दुर्बिणींत ते डावीकडे असतं, तेव्हा क्रम उलटा.) कडं आधी पूर्ण ‘प्लस’कडे न्या आणि तिथून हळूहळू मागे या. अक्षरं पहिल्यांदा स्पष्ट झाली की थांबा. पुढेमागे करत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो, तुम्हाला चुकीची जागाही बरोबर वाटते आणि संध्याकाळी डोकं दुखतं. पुष्कळ लेखांत ‘दोन्हीकडे फिरवून बघा’ असं लिहिलेलं असतं. तसं करू नका.

हे झालं की नळ्यांची परीक्षा. दुकानदाराला सांगून बाहेर या. दूरवरची आडवी, सरळ रेघ शोधा: विजेची तार, गच्चीचा कठडा, पत्र्याची कड. दोन्ही डोळ्यांनी ती पाहा. मग दुर्बीण सपाट ठेवून, रेघेवरून नजर न हटवता, हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर दूर न्या. एक वर्तुळ फुटून दोन होतील. दोन्ही वर्तुळांतली रेघ एकाच उंचीवर, सलग जायला हवी. एका वर्तुळात ती पायरीसारखी वर-खाली दिसली तर दुर्बीण ठेवा आणि दुसरी मागा. हात वाकडा धरला असेल अशी शंका आली तर कठड्यावर टेकवून पुन्हा पाहा. बिजागरी थोडी उघडून, थोडी मिटून पुन्हा एकदा. काही दुर्बिणी एका कोनात ठीक असतात आणि दुसऱ्यात बिघडतात.

दुसरी खूण: दुर्बीण लावलेलीच ठेवून डोळे पाच सेकंद मिटा आणि उघडा. क्षणभर दोन चित्रं दिसून मग एक झालं, तर तो क्षणच तुमचा पुरावा. शेवटी सलग दहा मिनिटं पाहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. दुर्बीण खाली घेताना डोळे आत ओढले गेल्यासारखे वाटले तरी ती घेऊ नका.

आणि ही सगळी परीक्षा त्याच खोक्यातल्या दुर्बिणीची, जी तुम्ही घरी नेणार. काचेच्या कपाटातली सुंदर निघाली म्हणून सीलबंद खोकं उचलून आलेल्या दोन मैत्रिणींना मी परत पाठवलं आहे. नाव मोठं असलं तरी स्वस्त श्रेणीत एखादी सदोष निघते. “वापरून सवय होईल” असं कोणी म्हणालं तर सरळ निघून या. सवय होत नाही, मी दोन वर्षं वाट पाहिली आहे.

शक्य असेल तर हे सगळं संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला करा. सावलीत उभ्या केलेल्या गाडीखालचा अंधार पाहा. चांगल्या दुर्बिणीत तिथे चाक, दगड, बसलेलं मांजर वेगळं कळतं. हलक्या दुर्बिणीत नुसता काळा डाग दिसतो.

उरलेलं

ऑनलाइन मागवलीत तर खोकं उघडल्याच्या दिवशीच तारेची परीक्षा करा. परत करायची मुदत संपल्यावर कोणी ऐकत नाही. जुनी घेत असाल तर पुढच्या भिंगातून मोबाइलचा टॉर्च मारून डोळ्याकडून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, फुकट मिळाली तरी नको. फोकसचं चाक फिरवून पाहा, सैल खेळ नसावा. फुलपाखरं पाहायची असतील तर तीन मीटरवरचं स्पष्ट दिसतंय का तेही तपासा, स्वस्त पोरो इथे बहुधा कमी पडते.

घरी आल्यावर डायॉप्टरची तुमची जागा नखपॉलिशच्या ठिपक्याने खुणावून ठेवा, म्हणजे कोणी फिरवलं तरी जंगलात शोधाशोध होत नाही. गळ्यातला बारीक पट्टा काढून रुंद पट्टा लावा. काच सदऱ्याने पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा. पावसाळ्यात चामडी पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि दर महिन्याला पुड्या बदला.