बिजागरीची खाच हाताने कशी घ्यावी

दार बंद केलं की आपोआप थोडं उघडतं, किंवा कड चौकटीला घासते. दोष बिजागरीला दिला जातो, पण बहुतेकदा तो खाचेत असतो. खाच बिजागरीच्या पत्तीच्या जाडीइतकीच खोल हवी. म्हणून या कामात मला पटाशीपेक्षा गेज, म्हणजे कडेला समांतर रेघ मारायचं सुईचं अवजार, मोलाचा वाटतो.

आधी दार चौकटीत उभं करून खाली पाचरी द्या. कडेची फट हवेप्रमाणे ठेवा. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात लाकूड फुगतं, तिथे उन्हाळ्यात बसवत असाल तर ३ मिमी. माण-खटावच्या कोरड्या हवेत २ मिमी पुरते. वरून ६ इंच आणि खालून ९ इंच सोडून दार व चौकट दोन्हींवर एकदमच चाकूची खूण करा. सागवानी जड दाराला मध्ये तिसरी बिजागरी हवीच.

आता गेज. त्याची सुई पट्टीवर मोजून लावू नका, थेट पत्तीवर टेकवून लावा. ही खोलीची रेघ. रुंदीची रेघ मारताना बिजागरीची नळी, म्हणजे दोन पत्त्या जोडणारा गोल भाग, बाहेर राहील हे पाहा. जुन्या बट गेजमध्ये, म्हणजे खास बिजागरीसाठीच्या गेजमध्ये, उदाहरणार्थ स्टॅनलीच्या ९५ नंबरमध्ये, एकदा माप लावलं की दाराची आणि चौकटीची रेघ त्यातूनच निघते. दोन्हींमधली मोकळीक अवजारातच धरलेली असते. तो नसेल तर साध्या गेजने दोनदा माप लावा. लांबीच्या टोकांना गुण्या धरून चाकूनेच रेघ मारा. पेन्सिलीच्या जाड रेघेवर पटाशी नेमकी बसत नाही.

पटाशी रेघेच्या किंचित आत उभी धरा, उतरती बाजू काढायच्या लाकडाकडे. मोगरीने हलके घाव घाला. मग ४-५ मिमी अंतराने आडवे छेद द्या आणि उघड्या कडेकडून सपाट बाजू खाली ठेवून पापुद्रे काढा. शेवटी पटाशी रेघेवर ठेवून हाताने दाबा. तळ एकसारखा करायला राउटर रंधा उत्तम. नसेल तर शिसवीच्या सपाट ठोकळ्याला तिरपं भोक पाडून त्यात अरुंद पटाशी पाचरीने घट्ट बसवा. पातं हवं तेवढंच खाली काढलं की काम तेच होतं.

बिजागरी बसवून बोट फिरवा. पत्ती वर राहिली तर पापुद्रा आणखी काढा, खोल गेली तर खाली पुठ्ठ्याची पट्टी द्या.

स्क्रूचं भोक टोच्याने मधोमध न पाडता खाचेच्या आतल्या भिंतीकडे केसभर सरकवून पाडा, म्हणजे पत्ती भिंतीला घट्ट ओढली जाते. पितळी स्क्रू कठीण लाकडात मोडतात, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करा. प्रत्येक पत्तीत एकच स्क्रू लावून दार चार-पाच वेळा उघडून मिटून बघा, मगच बाकीचे.

खिडकीच्या झडपेला ३ इंची बिजागऱ्या पुरतात. तिथली पट्टी बारीक असते, त्यामुळे मोगरी बाजूला ठेवून पटाशी हातानेच दाबत न्या, नाहीतर कोपरा फुटतो.