मामांचा पेट स्कॅन: आधी काय करायचं, कधी करायचा

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं मेडिकल दुकान आहे. कॅन्सरचं गिऱ्हाईक आलं की शेवटी प्रश्न एकच असतो, "शेक (म्हणजे रेडिएशन) लागू पडले का, हे त्या पेट स्कॅनमध्ये कळतं का ओ?" कळतं. पण तारीख आणि तयारी चुकली तर उलटंच कळतं. मामांच्या घशाच्या गाठीच्या वेळी आम्ही दोन्ही चुका केल्या.

सीटीत गाठीचा आकार दिसतो, पेटमध्ये तिची भूक. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, हे जर्मनीच्या ओटो वारबुर्गनं १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. स्कॅनच्या आधी एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर टोचतात. पेशी ती आत घेते, पण पचवू शकत नाही. अडकलेली साखर चमकते. शेक घेतल्यावर पेशी मेल्या की भूक मरते. गाठ आकारानं तेवढीच दिसत असली तरी.

आता तयारी. किमान सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी. आमची पहिली वारी इथंच फसली. पुण्याला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालो, मी डुलकी काढली आणि कुर्डुवाडीला मामांनी गोड चहा मारला. "अर्धाच कप होता की रे!" सेंटरवर शुगर २३६. परत पाठवलं. शुगर २०० च्या वर असली की रक्तातली साखर आणि टोचलेली साखर यांची रेटारेटी होते, आणि गाठ फिकी दिसते. पण म्हणून ऐन वेळी इन्सुलिन घेऊन आकडा खाली आणू नका. इन्सुलिन ती साखर स्नायूंत ढकलतं, सगळं अंगच उजळतं. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं आतडं चमकतं. ती दोन दिवस आधी बंद करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं करू नका, दुकानदाराच्या सांगण्यावरूनही नको.

आदल्या दिवशी जड काम नको. टोचल्यावर तासभर गप्प पडून राहायचं. घशाच्या पेशंटनं तर बोलायचंही नाही, सुपारी चघळायची नाही. जबड्याचे स्नायू चमकतात आणि रिपोर्ट लिहिणारा गोंधळतो. मामांना तासभर गप्प बसवणं हे आख्ख्या ट्रीटमेंटमधलं अवघड काम. एसीत थंडी वाजली तरी अंगातली चरबी साखर ओढते, म्हणून मी घरची चादर नेली होती. सोलापूरकराला ते वेगळं सांगायला नको.

वजन तिथंच करून घ्या. गाठीनं किती साखर ओढली हे सांगणारा रिपोर्टमधला एसयूव्ही हा आकडा वजनावरून काढतात. मामा शेकांत ६२ वरून ५४ किलोवर आले. जुनंच वजन टाकलं असतं तर आकडा साधारण १५ टक्क्यांनी फुगला असता. जमेल तर आधीचा आणि नंतरचा स्कॅन एकाच मशीनवर करा, जुनी सीडी सोबत न्या. वेगवेगळ्या मशीनचे एसयूव्ही शेजारी ठेवून रडत बसू नका.

तारखेचं मात्र नीट ऐका. ३५ शेक संपल्यावर मामींना धीर निघेना, म्हणून सहाव्या आठवड्यातच स्कॅन केला. घसा लालभडक! घरात दोन दिवस चूल पेटली नाही. डॉक्टर म्हणाले, ही शेकांची सूज आहे. सुजेच्या पेशीही साखर खातात. डोक्या-मानेच्या कॅन्सरला शेकांनंतर सुमारे १२ आठवडे थांबतात. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाची मानेच्या गाठी काढायची शस्त्रक्रिया आधीच ठरलेली, दुसऱ्याचा १२ आठवड्यांनी पेट बघून निर्णय. पहिल्या गटात अशा २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात फक्त ५४, आणि जगण्यात पेटवाला गट मागे पडला नाही.

तेव्हा १२ आठवड्यांनी स्कॅन स्वच्छ आला तर त्यावर बराच विश्वास ठेवता येतो. चमकला तर तेवढा नाही. सुईची तपासणी किंवा पुन्हा स्कॅन करतात. शेकांच्या आधीच्या स्कॅनवरून भाकीत? गाठीचा भुकेला भाग मोठा असेल तर धोका जास्त, एवढं म्हणता येतं. तुमच्या माणसाचं काय होईल हे त्या आकड्यावरून कुणी सांगत असेल तर मान डोलवा आणि डॉक्टरांकडे जा. गाठीत ऑक्सिजन कमी असला की शेक कमी लागू पडतात. ते बघायचे वेगळे पेटही आहेत, पण ते मुख्यतः संशोधनातच.

मामांचा तिसरा स्कॅन स्वच्छ निघाला. दुपारी १२ ला टोचलेलं औषध दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. संध्याकाळच्या हुतात्मानं रात्री दहाला सोलापूर गाठेपर्यंत शंभरातलं दोन-तीन भाग उरलं असेल, असा हिशोब मी मामींना फोनवर सांगितला. सेंटरवाल्यांनी लहान मुलांपासून काही तासच लांब राहायला सांगितलं होतं. मामींनी नातवंडं तरी दोन दिवस शेळगीला धाडली, आणि मामांसाठी कडक भाकरी दुधात भिजत घातली.