मेळघाटात पक्षी पाहायला जाताय? या चुका टाळा

हिवाळा लागला की नागपूरहून परतवाड्याकडे जाणाऱ्या गाड्यांत दुर्बिणी आणि लांब लेन्स दिसायला लागतात. शनिवारी निघायचं, सेमाडोहला मुक्काम, रविवारी रात्री घरी. एवढ्या वेळात सगळ्यांना एकच पक्षी हवा असतो, रानपिंगळा, म्हणजे एक दुर्मिळ लहान घुबड. त्याच्यामागे धावताना दरवर्षी त्याच चुका होताना पाहतो, म्हणून हे लिहितोय.

दिसेल तो पिंगळा रानपिंगळा ठरवणं

"काका, हा पाहा न, रानपिंगळाच होय न?" असं म्हणत मोबाइल पुढे येतो. बहुतेक वेळा फोटोत साधा ठिपकेवाला पिंगळा असतो. फोटो मेळघाटात काढलाय, एवढाच काय तो पुरावा. पण मेळघाटात ठिपकेवालाही आहे आणि जंगली पिंगळाही आहे, आणि हे दोन्ही रानपिंगळ्याहून वेगळे. दिवसा उघड्यावर बसला होता, हेही पुरेसं नाही. रानपिंगळा दिवसा शिकार करतो हे खरं, पण साधा पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो.

सगळे त्या पिवळ्या डोळ्यांत अडकतात. मी चेहरा सोडून देतो आणि आधी टाळू, म्हणजे डोक्याचा वरचा भाग पाहतो. तिथे पांढरे ठिपके दाट असतील तर विषय संपला, तो साधा पिंगळा. रानपिंगळ्याची टाळू जवळजवळ कोरी असते. मग छाती. त्याची छाती गडद तपकिरी आणि खाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. शेपटीवर ठसठशीत रुंद पट्टे, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले. अंगभर बारीक आडव्या रेघा दिसल्या तर तो जंगली पिंगळा. हे सगळं वहीत शिसपेन्सिलीने उतरवल्याशिवाय मी नाव लिहीत नाही. सरावासाठी मेळघाट लागत नाही. नागपुरात जुन्या झाडांच्या कोणत्याही आवारात पिंगळा आहे. तो महिनाभर नीट पाहा, मग सातपुड्यात जा. नवख्यांना हा महिना जड जातो, पण याला जवळची वाट नाही.

एवढा आग्रह का, तर या पक्ष्याचा इतिहासच तसा आहे. पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना, म्हणजे संग्रहासाठी जपलेला पक्षी, मिळाला नाही. मध्ये ब्रिटिश पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांचा १९१४ चा एक नमुना तेवढा होता, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून नोंदलेला. पुढे उघड झालं की तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता आणि त्याच्यावरची चिठ्ठी खोटी होती. ती नोंद बाजूला ठेवून, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी हिंडले, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. ११३ वर्षांनी! आज कोणीही उभ्याउभ्या मोबाइलवरून नोंद टाकतो, आणि ती पुढे कोणाच्या तरी नकाशात जाऊन बसते. खात्री नसेल तर 'पिंगळा, जात ठरली नाही' असं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आवाज वाजवून पक्षी बोलावणं

ही चूक मला सहन होत नाही. सेमाडोहच्या पुढे एका नाल्याकाठी आमच्याच नागपूरचा एक गट उभा होता. दगडावर छोटा स्पीकर ठेवलेला आणि त्यातून रानपिंगळ्याची हाक सुरू. नर आला, अगदी वर सागाच्या फांदीवर बसला. चोचीत सरडा होता. शेपूट डावी-उजवीकडे झटकत तो त्या स्पीकरकडे पाहत राहिला. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, अशी त्याची समजूत झाली होती. मागच्या झाडाच्या ढोलीतून मादी सारखी हाक देत होती. ती अंड्यांवर असते तेव्हा तिला खाऊ घालणारा हाच. पण सरडा काही ढोलीकडे गेला नाही. खाली कॅमेरे वाजत होते आणि सगळे खूश होते. सोबतचा कोरकू वाटाड्या दोनदा म्हणाला, "साहेब, बंद करा ते." कोणी ऐकलं नाही. मी जाऊन स्पीकर बंद करायला लावला, तर उत्तर आलं, "काका, इतक्या दूरून आलो न आम्ही!"

दूरून येणं हा हक्क होत नाही. रानपिंगळा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि घरट्याला त्रास देणं ही त्या कायद्याने शिकारच धरली जाते. मी काय करतो, तर विरळ सागाच्या कडेला, जिथून उघड्या फांद्या दिसतात तिथे तास-दीड तास बसतो, न बोलता. कधी दिसतो, कधी नाही. ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी या पक्ष्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या चुका

अ‍ॅपने आवाज ऐकून दिलेलं नाव डोळे मिटून मानू नका. भृंगराज पक्षी शिक्र्याची, म्हणजे एका शिकारी पक्ष्याची, हुबेहूब नक्कल करतो, हरेवा हा पक्षीही नकला करतो. पक्षी डोळ्यांनी दिसला तरच मी नोंद करतो.

सह्याद्रीची यादी सातपुड्यात लावू नका. मेळघाटातून मलबारी राखी धनेशाची नोंद आली की मी चोचीचा फोटो मागतो. वर शिंगासारखा उंचवटा असेल तर तो आपला नेहमीचा राखी धनेश. मलबारीला तो उंचवटा नसतो, आणि तो पश्चिम घाटाबाहेर राहत नाही.

चिखलदऱ्याच्या पॉइंटवर घिरट्या घालणारा प्रत्येक मोठा पक्षी 'गरुड' नसतो. पंखांखाली मागच्या काळ्या कडेच्या आत रुंद पांढरा पट्टा दिसला आणि वरून शिट्टीसारखी हाक आली, तर सर्पगरुड लिहा.

बारापट दुर्बीण घेऊ नका, हात हलतो. ८×४२, म्हणजे आठपट आणि ४२ मिमी भिंगाची पुरते.

नाश्ता करून नऊला निघू नका.

आणि पाऊस संपल्या संपल्या जाण्याची घाई नको. तेव्हा सागाची पानं परातीएवढी असतात, मागचं काहीच दिसत नाही. फेब्रुवारीनंतर पानगळ झाली की फांद्या मोकळ्या होतात. दुपारी ऊन तापतं, पण पहाटेपासून दहापर्यंत पाहणं होतं. मी मार्चमध्ये जातो.