पोस्टाने शेकड्यांनी पुस्तकं-अंक पाठवायचे तर आधी वजनकाटा, मग छपाई

पुस्तक छापून आलं, खोलीत गठ्ठे रचून झाले, की मग आपण पोस्टात जाऊन विचारतो, "साहेब, एकाला किती पडतील हो?" हा प्रश्न खरं तर कागद ठरवतानाच विचारायचा असतो. मी हे पैसे घालवून शिकलोय, म्हणून लिहितोय. छोटे प्रकाशक, मासिकवाले, क्लासच्या नोट्स पाठवणारे, महिन्याला शंभरेक पाकिटं काढणाऱ्या सगळ्यांना हे लागू आहे.

पहिलं काम म्हणजे आपला माल पोस्टाच्या लेखी नेमका कोण आहे ते ठरवा. वजन तेच, अंतर तेच, पण पुस्तक म्हणून गेलं तर एक दर, नोंदणीकृत नियतकालिक म्हणून गेलं तर दुसरा, आणि काहीच म्हणून बसलं नाही तर सरळ स्पीडपोस्ट नाहीतर पार्सल. दर वाढला तर निदान हिशोब तरी करता येतो हो, पण प्रकारच बंद झाला तर काय करणार? डिसेंबर २०२४ मध्ये नेमकं तेच झालं, रजिस्टर बुकपोस्ट (पुस्तकं स्वस्त दरात रजिस्टर करून पाठवायची सोय) एकदम बंद, खिडकीवरचा माणूस म्हणतो सिस्टीममध्ये ऑप्शनच दिसत नाहीये, आणि इकडे आपण गिऱ्हाइकाकडून जुन्या हिशोबाने टपालखर्च घेऊन बसलेलो. बऱ्याच प्रकाशकांनी आरडाओरडा केला, मग १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा आली.

ज्ञान पोस्टचे दर पाठच करून ठेवा. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५०० पर्यंत २५, एक किलोपर्यंत ३५, आणि असं चढत ५ किलोला १००, वर कर वेगळा. माल जमिनीवरून जातो, त्यामुळे वेळ लागतो, पण ट्रॅकिंग मिळतं. पुस्तकवाल्याला याहून स्वस्त आणि गावोगाव पोचणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

आता यातली खरी गंमत ३०० च्या रेषेवर आहे. साडेपाच बाय साडेआठ इंचाचं २४० पानी पुस्तक घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले १२० कागद. ७० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं वजन ७० ग्रॅम) कागदावर आतली पानं साधारण २५३ ग्रॅम भरतात, कव्हरचे १८-२० धरा, पाकिटाचे २०-२५, म्हणजे कसंबसं ३०० च्या आत बसतं. तेच ८० जीएसएमवर छापलं की आतलीच पानं २९० च्या घरात जातात आणि पाकीट धरून ३३० होतात. झालं, एका प्रतीमागे ५ रुपये जास्त, हजार प्रतींना ५ हजार, कर वेगळाच. मी "जरा जाड कागद बरा दिसतो" म्हणून ८० वर छापलं होतं, वाचकांपैकी एकानेही कागदाचं कौतुक केलं नाही. म्हणून छापखान्यातून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या, पाकिटात घाला, लेबल चिकटवा, आणि मग काट्यावर ठेवा. घरचा काटा नको, किराणा दुकानातला चालेल, आणि रेषेच्या ८-१० ग्रॅम आतच थांबा कारण पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि मग खिडकीवर ३०२ दाखवतं.

ज्ञान पोस्टची अट मात्र नीट वाचा. ती पुस्तकांसाठी आणि छापील शैक्षणिक साहित्यासाठी आहे, पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव पाहिजे, व्यापारी छपाई आणि नियतकालिकं चालत नाहीत, जाहिरातीही चालत नाहीत (आपल्याच पुस्तकांची यादी शेवटी दिली तर हरकत नाही). म्हणजे दिवाळी अंक बाद! आपला अर्धा दिवाळी अंक सराफ, बँका आणि बिल्डरांच्या जाहिरातींवरच तर उभा असतो. त्याचा खर्च ज्ञान पोस्टच्या दराने धरून बजेट केलंत तर ऑक्टोबरात रडाल.

नियमित मासिक, साप्ताहिक असेल तर पोस्टाची वृत्तपत्र नोंदणी करून घ्याच. त्यात वर्षानुवर्षं ५० ग्रॅमपर्यंतच्या अंकाला २५ पैसे असा दर चालत आलाय, हो, पैसेच. पण त्यासाठी अंक ३१ दिवसांच्या आत नियमित निघायला हवा, खऱ्या वर्गणीदारांची यादी हवी, ठरलेल्या तारखेला ठरलेल्या पोस्टातच टाकायला हवा, आणि नोंदणीचा नंबर अंकावर छापलेला हवा. मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करा, नाहीतर एक महिना पूर्ण दराने तिकिटं लावताना डोळे पांढरे होतात.

राहिलं स्पीडपोस्ट. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट त्यातच विलीन झालं आणि १ ऑक्टोबरपासून नवे दर आले, त्याआधीचे २०१२ चे होते. ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९, बाहेर कुठेही ४७. आधी २० ग्रॅमचं साधं पत्र रजिस्टर करायला तिकिटाचे ५ आणि रजिस्ट्रेशनचे १७ लागायचे, आता गावाबाहेर ४७ आणि ज्याच्या नावाचं त्याच्याच हाती सही घेऊन द्यायला हवं असेल तर वर ५. सोसायट्या, पतसंस्था, वकील यांच्या नोटिसांचं बजेट यानेच दुप्पट झालंय. गाववाली आणि बाहेरची पाकिटं आधीच वेगळी करा, आणि ज्यांना साध्या टपालाने चालतं त्यांना उगाच स्पीडपोस्ट करू नका. नवीन बल्क (एकदम खूप नग पाठवणाऱ्या) ग्राहकाला ५ टक्के सूट आहे, ती मागा, आपणहून कोणी सांगत नाही. पुस्तक चुकूनही यात टाकू नका, ३३० ग्रॅमचं पुस्तक ज्ञान पोस्टने २५ ला जातं, तेच स्पीडपोस्टने गावाबाहेर दोनशे किलोमीटरच्या आतसुद्धा ७० आणि दूरचं असेल तर ९३ पर्यंत.

शंभरच्या वर नग असतील तर पिनकोडप्रमाणे लावून, गठ्ठे बांधून न्या. पिनकोड १९७२ साली ज्यांनी आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, संस्कृतचे कवी, त्यांची आठवण ठेवून तरी सहा आकडे नीट लिहा की! सकाळी लवकर जा, पगार-पेन्शनच्या आठवड्यात जाऊ नका, आणि पोस्टमास्तरांना दोन दिवस आधी सांगून ठेवा. एका पोस्टात मी न सांगता ४०० पाकिटं घेऊन गेलो तर त्यांनी ६० घेतली आणि बाकीची रिक्षात घालून परत आणावी लागली.

परदेशी वर्गणीदार असतील तर आणखी एक. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने कस्टमचे नियम बदलले आणि आपल्या पोस्टाने तिकडची बुकिंगं थांबवली, ती १५ ऑक्टोबरला सुरू झाली, दिवाळी तर आठवड्यावर आलेली. त्यानंतर मी वर्गणीच्या फॉर्मवर "टपालखर्चासह" हे शब्दच काढून टाकले. आता वर्गणी वेगळी, टपालखर्च वेगळा, आणि तो "पाठवण्याच्या दिवशीच्या दराने". तीन वर्षांची वर्गणी आता फक्त पीडीएफवाल्यांकडून घेतो.