नव्या वकिलाला मार्गदर्शक नेमताना: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बारसाठी

नव्या वकिलाला काम शिकवलंच पाहिजे अशी सक्ती आज कायद्यात नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये सनदेआधी वर्षभराची उमेदवारी बंधनकारक केली होती. सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये ते नियम रद्द केले. उरली बारची परीक्षा, वस्तुनिष्ठ प्रश्नांची. ती पास झालेल्याला अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र लिहिता येईलच असं नाही. म्हणून तालुक्याच्या बारने, म्हणजे वकील संघटनेने, स्वतःच वर्षभराची व्यवस्था लावावी. मार्गदर्शक आणि ज्युनिअरच्या सहा-सात जोड्या आणि लक्ष ठेवणारा एक निमंत्रक, एवढ्यावर ती चालते.

पहिला नियम, आणि याच्यावरच सगळ्यात जास्त कुरकुर होते: ज्युनिअर ज्या ऑफिसात बसतो तिथल्या सिनिअरला त्याचा मार्गदर्शक नेमू नका. पगाराचा विषय त्याच माणसाकडे असतो. बार कौन्सिलच्या ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलंय. ती सूचना आहे, हुकूम नाही, आणि अनेक ऑफिसांत त्या आकड्याच्या जवळपासही कोणी जात नाही. ज्याच्याकडे पैशांसाठी बघायचं त्यालाच 'मला वकालतनामा (पक्षकाराने दिलेलं वकीलपत्र) भरता येत नाही' असं कोण सांगेल? मार्गदर्शक बाहेरचा हवा, दहा-बारा वर्षं ट्रायल कोर्टात रोज उभा राहणारा. एकाकडे दोनपेक्षा जास्त ज्युनिअर नकोत. खानापूरचा बार लहान, तिथल्यांना बेळगावचा मार्गदर्शक चालेल. निपाणीकरांना चिकोडी सोयीची. महिला ज्युनिअरला जोडी निवडायची मुभा द्या आणि भेटी बारच्या लायब्ररीत किंवा कोर्टाच्या आवारातच ठेवा.

मात्र बाहेरचा मार्गदर्शक म्हटला की गुप्ततेचा प्रश्न येतो. पक्षकार वकिलाला जे सांगतो त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे. ते वकिलाला आणि त्याच्या कारकून-नोकरांना लागू होतं, दुसऱ्या ऑफिसातल्या मार्गदर्शकाला नाही. तेव्हा पहिल्या भेटीत दोघांची ऑफिसं कोणकोणत्या खटल्यांत समोरासमोर आहेत याची यादी करा. छोट्या बारमध्ये ती लांबच निघते. त्या फायलींवर वर्षभर एक शब्दही नाही. बाकीच्या फायलींवर बोलताना नाव, गाव, सर्व्हे नंबर झाकायचे.

आता भाषा. कोल्हापूर-सांगलीत कायदा शिकून आलेला मुलगा रोजनामा (तारखेवार कामकाजाची नोंद) आणि 'निशाणी ५' (अंतरिम मनाईचा अर्ज) म्हणतो. इथे रोजनाम्याला ऑर्डर शीट म्हणतात, अंतरिम मनाईचा अर्ज आय.ए. (दाव्यातला मधला अर्ज) म्हणून नंबर घेतो आणि वादीचे दस्त पी-१, पी-२, प्रतिवादीचे डी-१, डी-२ असे चढतात. हे आठवड्यात येतं. कन्नड लिखाण यायला तीन महिने जातात, आणि त्याला एकच औषध आम्हाला ठाऊक आहे: रोज वीस मिनिटं एका कन्नड निकालाचं किंवा जबाबाचं पान हाताने उतरवून काढायचं. नुसतं वाचून अक्षर बसत नाही.

ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. कन्नड फिर्यादीतलं 'अनुमान' म्हणजे संशय, आपला तर्क नव्हे. उलट दिशेचा धोका त्याहून मोठा. जुन्या मराठी दस्तातलं 'कूळ' म्हणजे जमीन कसणारा. कन्नडात 'कुल' म्हटलं की वंश. 'खंड' म्हणजे जमिनीचं भाडं. कन्नडात तुकडा किंवा भूखंड. 'वहिवाट' म्हणजे ताबा आणि उपभोग. आजच्या कन्नडात 'वहिवाटु' म्हटलं की आधी पैशांचे व्यवहार डोळ्यांसमोर येतात. जुन्या दस्ताबरोबर भाषांतर द्यावं लागतं, ते बाहेरच्या भाषांतरकाराकडून आलं आणि ज्युनिअरने मुळाशी ताडून पाहिलं नाही, तर ताब्याचा पुरावा कागदावर उधारीचा हिशोब होऊन बसतो. हाच धोका साक्षीच्या वेळी असतो: साक्षीदार मराठीत बोलतो, नोंद कन्नडात किंवा इंग्रजीत होते. सही होण्याआधी नोंद वाचायची, आणि चूक दिसली तर त्याच क्षणी कोर्टाच्या नजरेला आणायची. पुढच्या तारखेला सांगितलं तर तो साक्षीदार फिरला असं धरलं जातं.

जमिनीच्या कागदांचा सराव मार्गदर्शकाने स्वतः बसून घ्यावा, कारण आपल्याकडचे निम्मे दावे तिथूनच येतात. ज्युनिअरच्या स्वतःच्या गावचा एक सर्व्हे नंबर घ्या. आजचा आर.टी.सी. (इथला सात-बारा) काढा: रकाना ९ मालकाचा, ११ हक्क आणि बोज्याचा, १२ कसणाऱ्याचा. क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत असतं; ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा, आणि आणे दशांश समजून बेरीज करणं ही नेहमीची चूक. मग एकेक फेरफार मागे जा. १ मार्च १९७४ पाशी, म्हणजे कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्याच्या तारखेपाशी थांबा, फॉर्म ७ (कुळाचा जमीन हक्कासाठीचा अर्ज) दिला होता का आणि भू-न्याय मंडळाने काय ठरवलं ते पाहा. त्याच्याही मागे १ नोव्हेंबर १९५६, राज्य पुनर्रचनेचा दिवस. त्याआधी हा मुलूख मुंबई राज्यात होता, म्हणून १९४८ चा मुंबई कूळ कायदा लागतो आणि बऱ्याच गावांच्या नोंदी मराठीत, काही मोडीत सापडतात. इथे मराठी मुलाचं पारडं जड असतं. मोडी चार महिन्यांत वाचता येते, आणि ती येणारे वकील बारमध्ये बोटांवर मोजण्याइतके.

वेळापत्रक साधं ठेवा. महिन्यातून दोन भेटी, पाऊण तासाच्या, वार ठरलेला. पहिले तीन महिने बघणं: आठवड्याला एक चालू साक्ष पूर्ण ऐकून एक पान टिपण, कोणता प्रश्न का विचारला असेल एवढंच. पुढचे तीन महिने मसुदे: आधी आय.ए. आणि त्याचं प्रतिज्ञापत्र, मग नोटिशीचं उत्तर, मग कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर). कैफियतीची मुदत समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, वाढवून ९०. ही तारीख डायरीत पहिल्याच दिवशी लाल शाईने. फौजदारीत १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिता, नंतरच्याला न्याय संहिता, त्यामुळे दोन्ही टेबलावर हवीत.

मसुद्यांवर बहुतेक जोड्या मोडतात. मार्गदर्शकाला वेळ नसतो, तो मसुदा स्वतःच नवा सांगतो आणि ज्युनिअर टाइप करतो. त्यात शिकणं शून्य. कागदाच्या समासात कारणं लिहून चार दिवसांत परत द्यायचा, आणि दुसरा खर्डा ज्युनिअरनेच करायचा. लागोपाठ दोन भेटी चुकल्या तर निमंत्रकाने कारण न विचारता जोडी बदलावी. कारणं विचारली की मान-अपमान सुरू होतो.

शेवटच्या सहा महिन्यांत ज्युनिअरने आपल्या ऑफिसच्या, स्वतःचं नाव वकालतनाम्यावर असलेल्या खटल्यात किमान एक आय.ए. एकट्याने चालवावी. मार्गदर्शकाने त्या दिवशी मागच्या बाकावर बसून ऐकावं. ज्युनिअर अडखळला तरी उठायचं नाही. त्या खटल्यात मार्गदर्शकाचा वकालतनामा नाहीच.